दिनविशेष : ३१ ऑगस्ट
‘डू यू लाइक ब्राम्स?’ मालिकेचा प्रारंभ (२०२०)

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या विद्यार्थ्यांचे जग उभे करणारी ‘डू यू लाइक ब्राम्स?’ ही कोरियन मालिका ३१ ऑगस्ट २०२० रोजी दक्षिण कोरियाच्या एसबीएस वाहिनीवर सुरू झाली. रयू बो-री यांनी लिहिलेल्या या मालिकेचे १६ भाग २० ऑक्टोबरपर्यंत दर सोमवारी व मंगळवारी दाखवले गेले.

नायिका छे सोंग-आ (पार्क उन-बिन) वाणिज्य व्यवस्थापनाची पदवी घेतल्यावर केवळ ओढीपोटी पुन्हा पहिल्या वर्षापासून व्हायोलिन शिकते. वाद्यवृंदात खुर्ची मिळते ती गुणांनुसार, आणि तिच्या वाट्याला येते अगदी शेवटची. पहिल्याच भागात तालमीतून तिला उठवले जाते, तो प्रसंग जिव्हारी लागतो. नायक पार्क जुन-योंग (किम मिन-जे) नामवंत पियानोवादक आहे. पण वादनातला आनंद हरवून बसलेला.

फ्रांस्वाज सागां यांच्या १९५९ च्या फ्रेंच कादंबरीवरून मालिकेला नाव मिळाले. नावातले ब्राम्स म्हणजे जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स (१८३३–१८९७). संगीतकार मित्र रॉबर्ट शुमान यांच्या पत्नी, पियानोवादक क्लारा यांच्यावर त्यांचा जीव जडला होता. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले. मालिकेतही नायक-नायिकेचे मन आधी मित्र-मैत्रिणीच्या जिवलगात गुंतलेले असते.

सोंग-आ शेवटी वादन सोडून सांस्कृतिक संस्थेत काम करू लागते. मनापासून केलेले प्रेम यश मिळाले नाही म्हणून वाया जात नाही, हे ही मालिका ठामपणे सांगते. कलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती आवर्जून पाहावी.