हवाई वाहतूक परवाना मंडळ, भारतातील
नियमित विमानसेवांना मार्गनिहाय परवाने देण्यासाठी भारतात १९४६ मध्ये स्थापन झालेले शासकीय मंडळ. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याकडील जादा डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागल्याने अनेक उद्योगपती या व्यवसायात उतरले. मंडळाने वाहतुकीच्या मानाने फारच अधिक कंपन्यांना परवाने दिले. मार्ग मिळाले, पण पुरेसे उतारू मिळेनात. अनाठायी स्पर्धा रोखणे हाच परवानापद्धतीचा हेतू असल्याने ही चूक गंभीर होय. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष समितीने या धोरणावर टीका करून कंपन्यांच्या एकत्रीकरणाची शिफारस केली. तत्काळ राष्ट्रीयीकरण मात्र तिला मान्य नव्हते. तथापि १९५३ च्या हवाई निगम अधिनियमान्वये आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्स निगमात विलीन झाल्या. हा अधिनियम १९९४ मध्ये रद्द झाला.