पेटारा आणि चरितार्थ : पेडणे-डिचोलीच्या कलावंतांची एक हकिकत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते इतिहास शिकवीत असत. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग डुलक्या घेत असे. अशा वेळी छडी हातात न घेता, रात्री कोणते आख्यान झाले, राजा कोण होता, राक्षस कोण होता, याची ते चौकशी करीत. उत्तरे मिळाली की ते हळूच विचारीत, ‘‘आणि काल रात्री राजा झालेला तो माणूस आज या घटकेला काय करीत असेल?’’ मुले हसत. कोणी म्हणे, झोपला असेल. कोणी म्हणे, पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालला असेल. कोणी म्हणे, शेतावर गेला असेल. गुरुजी यांपैकी कोणतेच उत्तर चूक म्हणत नसत. त्यांचा तो प्रश्न आज मी व्याख्यानासाठी उसना घेतला आहे.

पेडणे आणि डिचोली हे दोन महाल निवडण्यास कारण आहे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकातच देवळे पाडली गेली, आणि देवळाबरोबर देवळाच्या अंगणातली कलाही उखडली गेली. डिचोली आणि साखळीचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आला तो १७८१-८२ च्या सुमारास. पेडणे तर १७८८ साली, वाडीकर सावंतांशी झालेल्या तहाने. तोवर धर्मांतराचा जुना आवेश ओसरला होता आणि नव्या काबिजादीतील देवस्थाने, त्यांचे उत्सव व वतने बहुतांशी कायम राहिली. दिवाडी बेटावरून निर्वासित झालेला सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आश्रयास आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला, हे आपण सारे जाणतो. देव जिथे टिकला तिथे देवापुढे नाचणारा, वाजवणारा, रंगवणारा माणूसही टिकला. मात्र तो कसा जगला, याची नोंद शिलालेखात सापडत नाही.

देवस्थानच्या व्यवस्थेत कलावंताला पगार नव्हता, मान होता. अमुक तिथीचा काला अमुक मंडळीचा, अमुक पालखीपुढचे वाजप अमुक घराण्याचे, असे ठरलेले असे. या मानापोटी जमिनीचा तुकडा, भात, नारळ, पानविडा आणि वर्षातून एकदा अंगावर वस्त्र मिळे. यात सुरक्षितता होती हे कबूल केले पाहिजे; आज ‘परावलंबन’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती सुरक्षितता कधी अनुभवलेली नसते. पण हा मान घराण्याचा असे, माणसाचा नव्हे. मोरजीच्या मोरजाई देवालयातील कावीची चित्रे पाहावीत. ओल्या चुन्यावर तांबडा थर देऊन तो कोरीत कोरीत पांढरी रेषा काढण्याची ही विद्या. हात चुकला तर पुसण्याची सोय नाही. ज्यांनी ती रेषा इतक्या निश्चिंतपणे ओढली, त्यांचे नाव भिंतीवर शोधावे तर नाही. त्यांना मजुरी मिळाली असणार, जेवण मिळाले असणार. चित्र मात्र देवाचे झाले.

या व्यवस्थेबाहेर पाऊल टाकणारा माणूस म्हणून प्रथम आठवतो तो कवी. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये, जन्म १७१४. कुळकर्णाचे वतन हाती असताना त्यांनी ते सोडले आणि पुढे उतारवयात उत्तरेकडे वाट धरली. पेडणे महालातील केरीचे जिवबादादा केरकर तेव्हा महादजी शिंद्यांच्या सैन्यात मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्यामुळे कवीची महादजींशी भेट झाली. महादजी स्वतः पदे रचीत. त्यांनी आपली रचना नाथांपुढे ठेवली, पण नाथांनी तिची स्तुती केली नाही, उलट आपल्याला कोणाची गरज नाही अशा अर्थाचे पद ऐकवून ते उठले, ही कथा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. कथेतला शब्दन्‌शब्द इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. परंतु लोकांनी ती इतकी जपली यावरून एक गोष्ट कळते. आश्रयाशिवाय कला जगत नाही हे ठाऊक असलेल्या समाजाला आश्रय नाकारणाऱ्याचे अपार अप्रूप वाटत होते. १७९२ साली उज्जैनीहून नाथ दिसेनासे झाले. आज पेडणे तालुक्यात विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. संन्याशाला हा स्वाभिमान परवडतो, हेही इथेच सांगून टाकतो. घरी चार तोंडे खाणारी असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते, आणि आपला दशावतारी हा असा माणूस होता.

दशावतार हा खेळ आपल्याकडे कधी आला याविषयी मतभेद आहेत. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास तो कोकणात आणला असे परंपरा मानते; पण त्याआधीच्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधात स्त्रीवेष घेणाऱ्या दशावताऱ्यांचा उल्लेख केलेला आहे, तेव्हा मूळ जुनेच म्हणायचे. तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर हा खेळ एकच होता. वेंगुर्ल्याच्या पार्सेकर मंडळाच्या नावातच आपले पेडण्यातले पार्से गाव आहे.

या खेळाचा प्रपंच कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू होतात त्या मृगाचा पाऊस येईपर्यंत. मंडळीत दहा-पंधरा माणसे असतात: नायक, मृदंगी, पेटीवाला, झांजवाला, राजपार्टी, स्त्रीपार्टी, राक्षस आणि विनोदाचा सारा भार वाहणारा संकासूर. वेतांच्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा व सामान. हा पेटारा पूज्य. पूर्वी तो डोक्यावर घेऊन गावोगाव पायी जावे लागे, आज टेम्पो आला. आधी आड-दशावतार होतो, गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती येऊन जातात, वेद चोरणारा काळा संकासूर मालवणीत लोकांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. मग आख्यान उभे राहते आणि पहाटे दहीकाला होतो. लिहिलेली संहिता नसते. दुपारी नायक कथा सांगतो, कामे वाटून देतो आणि रात्री प्रत्येक नट आपापली भाषणे जागच्या जागी रचतो. शाळा फार न शिकलेला माणूस मांडवाखाली उभा राहून तासभर शुद्ध, अलंकारिक मराठीत युधिष्ठिर आणि दुर्योधनाचा वाद घालतो, हे मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि अजून त्याचे आश्चर्य ओसरत नाही. ज्याला आज आपण ‘सर्जनशील कलावंत’ म्हणतो तो हाच. तो रोज रात्री नवे नाटक लिहितो आणि पहाटे ते संपते. पुस्तक म्हणून विकण्यासारखे त्याच्या हाती काही उरत नाही.

आता पैशाचे. दशावताराला तिकीट नाही. देवस्थान, गावकर किंवा एखादा नवस फेडणारा यजमान मंडळीला ठरावीक बिदागी देतो. ती नायकाकडे जाते, तो खर्च वजा करून ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे ‘नाईट’ वाटतो. आरतीच्या ताटात पडलेले वेगळे. रंग आणि दागिने अनेकदा नटाचेच, स्त्रीपार्टीची लुगडीही. म्हणजे प्रेक्षकाची दाद नटाला मिळते, पण दाम तो देत नाही. दाम देणारा बहुधा मांडवात नसतोच. उलट कोकणी तियात्राचे पाहा. १८९२ साली १७ एप्रिलला मुंबईत पहिला तियात्र झाला तोच परक्या शहरात, चाकरमान्यांपुढे. तियात्र तिकिटावर वाढला. खेळ पडला तर कंपनी पडली आणि चालला तर नटाचे नाव झाले. आमच्या मराठी संगीत नाटकानेही तोच मार्ग धरला. मंगेशीचे मास्टर दीनानाथ १९१८ साली स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढून स्वतंत्र झाले, वैभवाला चढले, चित्रपटाच्या व्यवसायात उतरले, कर्जात सापडले आणि १९४२ साली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले. तिकिटाचे स्वातंत्र्य असे महाग असते. जत्रेचा नट दीनानाथांएवढा उंच कधी गेला नाही आणि तसा कोसळलाही नाही.

गोमंतकाबाहेर पडलेल्या कलावंतांपैकी दोघींचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. केसरबाई केरकर (ही केरी फोंड्याची, जिवबादादांची वेगळी) आणि मोगूबाई कुर्डीकर. दोघीही अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीच्या. केसरबाईंनी आपल्या गाण्याच्या अटी स्वतः ठरवल्या: किती घ्यायचे, कोठे गायचे, कोणापुढे नाही गायचे. मोगूबाईंनी मुंबईत शिकवण्या करून मुले वाढवली आणि त्याच शिकवण्यांतून किशोरी आमोणकरांसारखी शिष्या लेकीच्या रूपाने घडली. केसरबाईंची भैरवी १९७७ साली अंतराळयानातून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात. माझे मन मात्र मोगूबाईंच्या शिकवण्यांपाशी अधिक रेंगाळते. चरितार्थाचा खरा इतिहास तिथे आहे.

पेडणे-डिचोलीत परतू. दशावताऱ्याचे वर्ष दोन भागांत तुटलेले. पाऊस लागला की मंडळी फुटते. जो तो नांगराला, तरव्याला लागतो. श्रावणात अनेक घरांत गणपतीची चित्रशाळा उघडते. यजमान आपापला पाट आणून ठेवतात, चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती घरी जाते. पूर्वी मोबदला भाताने, नारळाने आणि वर रुपया-दोन रुपयांनी चुकता होई. दर विचारण्याची रीत नव्हती, कारण देवाची किंमत करायची नसते! या सुंदर रीतीचा भार कोणी सोसला, हे मूर्तिकाराच्या घरातल्या बाईला विचारावे. डिचोलीच्या कुंभारांची गोष्ट त्याहून सरळ होती. त्यांचे मडके बाजारात बसे आणि मोल करून विकले जाई. म्हणूनच ॲल्युमिनियम आल्यावर पहिला फटका त्यांना बसला.

दोन घटनांनी हे जुने गणित मोडले. पहिली सरहद्दीची. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली आणि तेरेखोल नदी, जी ओलांडून मंडळ्या पिढ्यान्पिढ्या येत-जात, ती एकाएकी दोन देशांमधली सीमा होऊन बसली. अर्धा हंगाम अलीकडे आणि अर्धा पलीकडे असणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय, ते राजकीय इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तो ऐन जत्रांच्या दिवसांत. दुसरी घटना खाणींची. शिरगाव, मये, डिचोली, साखळी या भागांत लोखंडाचे खनिज निघू लागले. ट्रक आले, रोजगार आला, उत्सवी नाटकांना वर्गणी वाढली, बाहेरून नट्या आणून नाटके होऊ लागली. कलेला पैसा मिळाला खरा, पण नटाला मिळाला की मांडव-विजेला, हा हिशेब कोणी मांडला नाही. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा वर्गणीच्या वह्या किती पातळ झाल्या हे आपण डोळ्यांनी पाहिले. पुढे महामारीच्या सालात, २०२० पासून, जत्राच थांबल्या. दोन हंगाम गेले. नटाला रजा नसते, भविष्यनिर्वाह निधी नसतो. रात्र नाही तर नाईट नाही. पेडण्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, आणि दशावताऱ्याच्या पावसाळ्याचा आधार असलेली जमीनच अनेक घरांतून गेली.

मुक्तीनंतर सरकारने काही केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. कला अकादमी उभी राहिली, तिच्या मराठी नाट्यस्पर्धांनी गावोगावचे हौशी नट पणजीला नेले, वृद्ध कलावंतांसाठी कला सन्मानाची योजना आली. वयोवृद्ध मृदंग्याच्या हाती महिन्याला काही रक्कम पडते, ही लहान गोष्ट नव्हे. पण ती त्याच्या वार्धक्याची सोय आहे. वयाच्या विसाव्या वर्षी पेटाऱ्याला खांदा द्यावा की न द्यावा, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नाही.

हा प्रश्न एकदा माझ्याकडे आला होता. मी शिक्षक असताना वर्गात एक मुलगा होता. आवाज गोड, पाठांतर विलक्षण. हंगामात रात्री स्त्रीपार्टी करी आणि सकाळी शेवटच्या बाकावर झोपे. त्याचे वडील मला विचारायला आले. मी त्यांना क्षणाचाही विचार न करता सांगितले की, मुलाला मंडळीतून काढा, परीक्षेला बसवा, नोकरीचे पाहा. त्यांनी ऐकले. मुलगा उत्तीर्ण झाला, नोकरीला लागला, घर बांधले, मुलींना शिकवले.

निवृत्त झाल्यावर तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी संकोचाने जुना विषय काढला. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, तुम्ही सांगितलात ते बरोबरच होते. घर उभे राहिले.’’ थोडा वेळ थांबून म्हणाला, ‘‘जत्रा एकही चुकवत नाही मी. पण पुढे बसत नाही. मांडवाच्या मागे पेटाऱ्यापाशी उभा राहतो. नव्या पोराला लुगडे नीट नेसता आले नाही, तर निऱ्या घालून देतो.’’