कार्यमानदर्शन, सर्व्हरचे
चालू असलेल्या सर्व्हर-आज्ञावलीने आपल्या कामाची गती, विलंब, चुका व व्यापलेली स्मृती यांचे आकडे निरीक्षकांना वाचता येतील अशा रीतीने उघडे ठेवण्याची पद्धती. सर्व्हर बंद पडला, एवढे बाहेरून कळते; तो कोणत्या भागात मंदावत आहे, हे मात्र त्याने आतूनच सांगावे लागते.

टेनेक्स या बहुउपयोजक प्रणालीत १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच सरासरी भाराचा आकडा दाखविला जाई; पुढे युनिक्समध्ये तो रूढ झाला. जाळ्यातील उपकरणांकडून असे आकडे मागविण्यासाठी १९८८ मध्ये एसएनएमपी हा संकेत पुढे आला. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ पासून विकसित झालेल्या प्रॉमिथियस प्रणालीत सर्व्हर आपले आकडे साध्या मजकुराच्या रूपात एका ठराविक पत्त्यावर ठेवतो आणि निरीक्षण यंत्रणा ते नियमित अंतराने वाचून नेते. यांतील गणक विजेच्या मीटरप्रमाणे केवळ वाढत जातात. त्यामुळे मधले एखादे वाचन हुकले, तरी दोन वाचनांतील फरकावरून सरासरी गती काढता येते. विलंबाची नुसती सरासरी मात्र फसवी असते. शंभरांपैकी नव्व्याण्णव व्यवहार क्षणात उरकले व एकाला मिनिट लागले, तरी सरासरी सेकंदाच्या आतच राहते. खोळंबलेला ग्राहक तीत दिसत नाही. म्हणून विलंबाची गटवार वारंवारता नोंदवितात.

महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्व मुंबईच्या भारतीय राष्ट्रीय देयक निगमाच्या (स्थापना २००८) कार्यात स्पष्ट दिसते. निगमाची यूपीआय सेवा ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. तीतील एकेक व्यवहार अनेक संस्थांच्या सर्व्हरांतून जातो. बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळ्यासारख्या गावच्या दुकानदाराला व्यवहार फसला एवढेच कळते. दोष कोणाच्या यंत्रणेत होता, ते कळत नाही. निगम बँकवार आकडे दरमहा प्रसिद्ध करतो. चुकीचा पिन वा अपुरी शिल्लक यांमुळे फसलेले व्यवहार आणि यंत्रणेच्या दोषामुळे फसलेले व्यवहार तो वेगळे दाखवितो. हा भेद मोलाचा आहे. पण मासिक आकड्यातून बिघाडाची नेमकी वेळ कळत नाही.

१२ एप्रिल २०२५ रोजी ही सेवा काही तास विस्कळीत झाली. व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या संदेशांचा बँकांकडून झालेला भडिमार हे त्याचे मुख्य कारण निगमाला आढळले आणि अशा विचारणांवर मर्यादा घालण्यात आल्या. ही विचारणा कार्यमानाची नव्हे. तथापि अडचण तीच. प्रत्येक प्रश्नासाठी सर्व्हरला नव्याने काम करावे लागले, तर संकटकाळी प्रश्नच भार ठरतात. म्हणून कार्यमानाचे गणक काम चालू असतानाच स्मृतीत अद्ययावत ठेवतात व वाचणाऱ्यास तयार आकडा देतात.