उघडे टॅब आणि फोल्डरचे स्थलांतर

टॅबची सोय असलेल्या फाइल मॅनेजरमध्ये एखादा फोल्डर उघडा असतानाच त्याचे नाव बदलले, तो दुसरीकडे हलवला किंवा पुसला, तर त्या टॅबने पुढे काय दाखवावे हा प्रश्न उभा राहतो. फोल्डरसोबत जाणे, जुन्या पाथवर थांबणे, जवळच्या वरच्या फोल्डरवर येणे किंवा टॅब बंद करणे, असे त्याचे चार पर्याय आहेत. कोणता पर्याय योग्य, हे टॅब कशाशी बांधलेला मानायचा यावर ठरते : पाथशी की प्रत्यक्ष फोल्डरशी.

पार्श्वभूमी : केडीईचा डॉल्फिन आणि ग्नोमचा नॉटिलस यांत टॅब 2008 साली आले. एक्सएफसीईच्या थुनारमध्ये ते 2012 मध्ये, मॅकच्या फाइंडरमध्ये 2013 मध्ये, तर विंडोज 11 च्या फाइल एक्सप्लोररमध्ये 2022 मध्ये आले. एकाच खिडकीत एकच फोल्डर दिसत असे, तेव्हा झालेला बदल सहसा वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडे. मागे पडलेला टॅब मात्र तासन्‌तास नजरेआड राहतो आणि काही प्रोग्राममध्ये संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही परत उघडतो. त्यामुळे त्याच्याजवळची माहिती शिळी होण्याची शक्यता बरीच वाढली.

पाथ आणि ओळख : पाथ म्हणजे मुळापासून फोल्डरपर्यंतच्या नावांची साखळी. फाइल सिस्टिम मात्र फोल्डर ओळखते ती अंतर्गत क्रमांकाने. युनिक्स परंपरेत त्याला आयनोड क्रमांक म्हणतात आणि विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फाइल आयडी. एकाच व्हॉल्यूमवर फोल्डर हलवला तर आतला मजकूर जागचा हलत नाही. वरच्या फोल्डरमधील नोंद तेवढी बदलते आणि क्रमांक तोच राहतो. दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर हलवताना मात्र आधी प्रत तयार होते आणि मग मूळ फोल्डर पुसला जातो. नवी प्रत नवा क्रमांक घेऊन येते, म्हणजे फाइल सिस्टिमच्या दृष्टीने जुना फोल्डर नाहीसा झालेला असतो.

हा भेद लिनक्सच्या टर्मिनलमध्ये स्पष्ट दिसतो. शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा घेणारा प्रोग्राम) ज्या फोल्डरमध्ये उभे आहे त्याचे नाव बाहेरून बदलले तरी शेल त्याच फोल्डरमध्ये राहते, कारण कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, पाथ नव्हे, तर फोल्डरच धरून ठेवलेला असतो. शेलच्या प्रॉम्प्टवर मात्र जुनाच पाथ झळकत राहतो.

बदल कळण्याचे मार्ग : स्थलांतर त्याच फाइल मॅनेजरमधून झाले असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही पाथ प्रोग्रामच्या हाती असतात. सर्व टॅब तपासून दुरुस्त करणे तेव्हा सोपे जाते. बदल टर्मिनलमधून किंवा दुसऱ्या प्रोग्राममधून झाला, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या सूचनांवर अवलंबून राहावे लागते.

लिनक्समध्ये 2005 पासून, कर्नल 2.6.13 पासून, इनोटिफाय ही सुविधा आहे. तिची पाळत एकेका फोल्डरवर असते. आतल्या सर्व पातळ्यांवर ती आपोआप पसरत नाही. फोल्डर जिथून निघाला आणि जिथे पोचला त्या दोन्ही ठिकाणी पाळत असेल, तर दोन सूचना येतात आणि त्यांवरील समान क्रमांकामुळे त्यांची जोडी लावता येते. पाळत फक्त हललेल्या फोल्डरवरच असेल, तर तो हलला एवढेच कळते, कुठे गेला ते कळत नाही. त्याच्या वरच्या पातळीवरचा फोल्डर हलला, तर खालच्या फोल्डरवरील पाळतीला काहीच कळत नाही. टॅब शिळे राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

विंडोजच्या पाळत यंत्रणेत एकाच फोल्डरमधील नामांतराची सूचना जुन्या आणि नव्या नावासह येते. दुसऱ्या फोल्डरमध्ये झालेले स्थलांतर मात्र एका ठिकाणी वजाबाकी आणि दुसऱ्या ठिकाणी भर असे दिसते. शिवाय, आतला उपफोल्डर एखाद्या प्रोग्रामने उघडा धरला असेल, तर वरच्या फोल्डरचे नामांतर सहसा नाकारले जाते. म्हणजे उपफोल्डरवर पाळत ठेवणारा फाइल मॅनेजर स्वतःच नामांतराच्या आड येऊ शकतो.

मॅकवर उघड्या धरलेल्या फोल्डरचा सध्याचा पाथ थेट विचारता येतो. तेथे ओळखीने फोल्डर शोधण्याची परंपराही जुनी आहे : 1991 च्या सिस्टिम 7 मधील एलियस मूळ फाइल हलवल्यावरही ती शोधून काढत असे. नेटवर्कवरील सामायिक फोल्डर ही वेगळी अडचण आहे. दुसऱ्या संगणकाने केलेला बदल इनोटिफायपर्यंत पोचत नाही. म्हणून टॅब समोर येताच त्यातील यादी नव्याने वाचणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

पाथची दुरुस्ती : ‘/कामे/अहवाल’ या फोल्डरचे नाव ‘/कामे/अहवाल-2024’ केले, तर ‘/कामे/अहवाल/मार्च’ दाखवणारा टॅबही ‘/कामे/अहवाल-2024/मार्च’ असा बदलावा लागतो. यासाठी पाथचा आरंभीचा भाग बदलतात, पण तुलना संपूर्ण नावाने व्हावी लागते. नुसती अक्षरे जुळवली तर ‘/कामे/अहवाल-जुने’ या निराळ्या फोल्डरचा टॅबही चुकून बदलतो. टॅबचे शीर्षक, मागे-पुढे जाण्याचा इतिहास आणि पुढच्या वेळी उघडण्यासाठी जतन केलेली यादी हेही दुरुस्त करावे लागते, नाहीतर ‘मागे’ हे बटण नाहीशा झालेल्या पाथवर नेते.

नावांची तुलना करण्याचे नियमही सर्वत्र सारखे नाहीत. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ या नावातील ‘ऱ’ एकाच संकेतांकाने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम तो विभागून साठवते. लिनक्सवरील एक्स्ट4 नेहमीच्या मांडणीत बाइट जशाच्या तशा जुळवते, म्हणून तेथे दिसायला सारखी अशी दोन नावे दोन वेगळे फोल्डर ठरू शकतात.

धोरणांची निवड : माणसाने नाव सुधारले किंवा फोल्डर नीट जागी लावला, तेव्हा टॅबने सोबत जाणे स्वाभाविक असते. प्रोग्राम बांधणारी साधने मात्र तयार मालाचा फोल्डर पुसून त्याच नावाने पुन्हा निर्माण करतात. तेथे पाहणाऱ्याला तो पाथच हवा असतो, त्यामुळे जुन्या पाथवर थांबणे योग्य ठरते. कचरापेटीत टाकणे हे तांत्रिकदृष्ट्या बऱ्याचदा स्थलांतरच असते. तरी टॅबने कचरापेटीत शिरणे कुणालाच अपेक्षित नसते, म्हणून ते पुसणेच मानावे लागते. काढलेला पेनड्राइव्ह पुन्हा लागण्याची शक्यता असल्याने त्याचा पाथ लक्षात ठेवणे उपयोगी ठरते. टोटल कमांडरसारख्या प्रोग्राममध्ये टॅबला कुलूप लावून तो ठरावीक फोल्डरशी बांधता येतो.

सुरक्षितता : सर्वांत मोठा धोका जुन्या पाथवर दुसराच फोल्डर येऊन बसण्याचा असतो. टॅब पूर्वीसारखाच दिसतो, पण त्यात चिकटवलेल्या किंवा त्यातून पुसलेल्या फाइली भलत्याच फोल्डरच्या असू शकतात. केवळ क्रमांक ताडूनही पूर्ण खात्री होत नाही, कारण पुसलेल्या फोल्डरचा आयनोड क्रमांक पुढे नव्या फोल्डरला मिळू शकतो. म्हणून फाइली पुसण्यापूर्वी किंवा त्यांवर दुसरे काही लिहिण्यापूर्वी यादी ताजी करणे गरजेचे असते. फोल्डर सापडला नाही तर अस्तित्वात असलेल्या सर्वांत जवळच्या वरच्या फोल्डरवर यावे, तसे झाल्याचे ठळकपणे सांगावे आणि जुना पाथ इतिहासात राखावा. टॅब मुकाट्याने दुसरीकडे नेला, तर आपण कोणत्या फोल्डरमध्ये काम करत आहोत हेच वापरणाऱ्याला कळत नाही.