दुसऱ्या केंद्राचे स्थान : बिनतारी प्रसारणाच्या इतिहासातील एक सूत्र

बिनतारी संदेशाचा पल्ला वाढविण्यासाठी दुसरे केंद्र कोठे उभारावे, हा प्रश्न आज राळेगावसारख्या तालुक्याच्या गावीही उपस्थित होतो. महाविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारात एका राउटरच्या लहरी शेवटच्या इमारतीपर्यंत पोहोचत नाहीत. अशा वेळी दुसरा राउटर बहुधा त्या शेवटच्या खोलीतच नेऊन ठेवला जातो. प्रसारणाचा इतिहास पाहता हा निर्णय सदोष ठरतो.

राळेगावपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. मध्यमलहरींची लांबी शेकडो मीटर असते. त्या भूपृष्ठाला धरून दूरवर जातात. दूरदर्शनच्या लहरींचे तसे नव्हे. काही मीटर लांबीच्या या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, परंतु पुणे सह्याद्रीच्या आड होते. यास्तव १९७३ मध्ये सिंहगडावरून सहक्षेपण सुरू करण्यात आले. प्रेक्षक शहरात होते. केंद्राचे स्थान मात्र गडाच्या उंचीने ठरविले.

‘सहक्षेपण’ या संज्ञेत क्षेपणाचा उल्लेख आहे, ग्रहणाचा नाही. व्यवहारात मात्र ग्रहण आधी व क्षेपण नंतर, हाच क्रम अटळ आहे. जे केंद्रापर्यंत स्पष्ट पोहोचले नाही, ते त्यास पुढे पाठविता येत नाही.

जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. या लहरींची लांबी अवघी सुमारे १२.५ सेंटिमीटर असून जाड भिंतींत त्या क्षीण होतात. डोंगराची जागा आता भिंतीने घेतली. सूत्र मात्र तेच राहिले. लहरींवर अवलंबून असलेला दुसरा राउटर, पहिल्याचा संदेश जेथे अद्याप सुस्पष्ट आहे अशा मधल्या स्थानीच ठेवला पाहिजे. तेथेही एकाच वाहिनीवर ग्रहण व क्षेपण आळीपाळीने करावे लागत असल्याने वेग सुमारे निम्म्यावर येतो. दोन्ही राउटर तारेने जोडल्यास मात्र ही दोन्ही बंधने उरत नाहीत, आणि दुसरा राउटर गरजेच्या ठिकाणीच ठेवता येतो.

तात्पर्य, बिनतारी दुव्याचे स्थान केवळ श्रोत्याच्या गरजेने ठरत नाही. त्या दुव्याला स्वतःला किती स्पष्ट ऐकू येते, यावर ते प्रथम ठरते.