घासून काढलेले आटे

परवा अमेरिकेतल्या मित्राचा फोन. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याला एक एनफिल्ड बंदूक स्वस्तात मिळाली. का, तर कोणीतरी नळी मोठी करून ‘बिघडवलेली’. आता मी तिची किंमत सांगायची!

म्हटलं, आत आटे आहेत? नाहीत, गुळगुळीत. भोक? ०.६५६ इंच. मागची नेमपट्टी वरखाली होते? नाही, नुसता ठोकळा आहे.

मी सरसावून बसलो. १८५३ ची मूळ एनफिल्ड ०.५७७ इंचाची, तीन आट्यांची, ९०० यार्डांपर्यंत नेमाच्या खुणा असलेली. १८५७ ला जिच्या चरबीच्या काडतुसांवरून भडका उडाला तीच ही. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती आट्यांची बंदूक ठेवायचीच नाही असं ठरवलं. १८५८ च्या नमुन्यात नळ्या आतून कोरून आटे काढले, लांबचा नेमही काढला. गोऱ्या पलटणींकडे मात्र आटे राहिले. कोरून नळी इतकी पातळ झाली की १८५९ ला जाड नळीचा नमुना आणावा लागला. अविश्वासाचा हा असला खर्च!

पुढे कोणी छर्ऱ्यांसाठी घरी भोक वाढवलं असेल तर किंमत पडणारच. पण असा माणूस नेमपट्टी कशाला बदलेल? सगळा भरवसा त्या ठोकळ्यावर. तो मूळचा असेल तर दुकानदार फसला.

आकडा मी सांगितला नाही. एवढंच म्हटलं, जाणकाराने शिक्के बघेपर्यंत पॉलिश करू नकोस, आणि त्या पातळ नळीत बार तर अजिबात भरू नकोस.