इंटरफेस मंडल (रेडिओ प्रक्षेपकातील)
रेडिओ प्रक्षेपकाचा नियंत्रक आणि शक्तिवर्धक, वीजपुरवठा, पंखे इत्यादी भाग यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा सर्किट बोर्ड. अँटेनाकडे जाणाऱ्या व तिच्याकडून परतणाऱ्या शक्तीचे नमुने, तसेच तापमान व विद्युत्‌प्रवाह यांची मापने नियंत्रकास पेलतील अशा अल्प विद्युत्‌दाबांत रूपांतरित करून हे मंडल त्याच्याकडे रुजू करते आणि उलटपक्षी नियंत्रकाचे हुकूम रिलेमार्फत अंमलात आणते. अँटेनाच्या केबलच्या जोडात पाणी शिरून परावर्तित शक्ती वाढली, तर याच मापनांच्या आधारे प्रक्षेपणशक्ती घटविली जाते किंवा प्रक्षेपक बंद केला जातो, आणि शक्तिवर्धकातील महागडे ट्रान्झिस्टर बचावतात. बारामती येथील विद्या प्रतिष्ठानच्या ‘वसुंधरा वाहिनी’सारख्या अल्पशक्ती सामुदायिक रेडिओ केंद्रांना, प्रक्षेपण अखंड राखण्याच्या दृष्टीने, असे स्वयंचलित संरक्षण अत्यंत मोलाचे होय.